बेलसरचा ताप कोणी ओळखला?

जुलै २०२१. पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये तापाचे रुग्ण वाढू लागले. पहिले पाच नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत गेले, त्यांत तिघांना चिकुनगुनिया निघाला. उत्तर मिळाले होते. तरीही संस्थेचे पथक महिनाअखेरीस गावात उतरले आणि बेलसर-परिंचे भागातल्या ४१ जणांचे रक्त घेतले. चिकुनगुनिया २५, डेंगी ३ आणि एका महिलेला झिका! महाराष्ट्रातला हा पहिला रुग्ण. तिन्ही आजार एडिस डासाचे, लक्षणेही मिळतीजुळती. नुसती नाडी पाहून हा फरक कळणे शक्यच नव्हते.

तापाचा असा माग काढण्याची विद्या म्हणजे साथरोगशास्त्र. तळेगाव दाभाड्याच्या मायमर वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिनचा जो विद्यार्थी एमडी करतो, त्याच्या तीन वर्षांचा गाभा हाच. आणि अभ्यासाला मावळाइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. आंदर मावळात भातखाचरे, तळेगावात एमआयडीसी आणि कामगारांच्या दाटीवाटीच्या खोल्या, पावसाळ्यात लोणावळ्याला लोटणारी गर्दी. खाचरात अनवाणी राबणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिसचा धोका, कोंदट खोलीत क्षयाचा, साठवलेल्या पाण्यात डेंगीचा.

साथ आली की आधी ‘रुग्ण कोणाला म्हणायचे’ ते ठरते. मग लाइन लिस्ट: वय, घर, पाणी कुठले, ताप कधी आला. खरी कसोटी त्यापुढे लागते. समजा, लग्नाच्या जेवणानंतर पन्नास जणांना जुलाब झाले आणि त्यांतल्या चाळिसांनी बासुंदी खाल्ली होती. बासुंदीवर आळ घेण्याची घाई होते. पण ठणठणीत राहिलेल्या पन्नासांतही चाळिसांनी ती खाल्ली असेल, तर संशय दुसऱ्या पदार्थाकडे वळतो. म्हणून आशाताईंबरोबर दारोदार फिरताना निरोग्यांची माहितीही तितक्याच काळजीने लिहावी लागते.

मेडिसिन किंवा सर्जरी मिळाली नाही तर घ्यायची शाखा, असे कम्युनिटी मेडिसिनबद्दल, म्हणजे ‘पीएसएम’बद्दल, अजूनही बोलले जाते. हा समज घातक आहे. हुशार मुलांनी ही शाखा पहिल्या पसंतीने घ्यायला हवी. २०२१ च्या तुकडीपासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत तीन महिने काम सक्तीचे झाले, हे बरेच झाले. पुढच्या वाटाही आहेत. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ पासून दोन वर्षांचे ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’ प्रशिक्षण आहे. तिथे वर्गातले तास थोडे असतात. देशात साथ उठली की शिकाऊ अधिकारी तपासाच्या पथकातूनच गावात जातात.