रंग : काळा

दुभत्या जनावरासाठी कर्ज आणि विमा देताना त्याचे वर्णन लिहून घेण्याची पद्धत आहे. जात, वय, शिंगांची ठेवण, शेपटीचा गोंडा, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक. म्हशीच्या अर्जात ‘रंग’ या रकान्यात बहुधा एकच शब्द पडतो : काळा. बँकेच्या नोकरीत हा शब्द मी असंख्य वेळा वाचला. कागदाचे काम तेवढ्याने भागते.

गोरेगावला आरे वसाहतीत सकाळच्या उन्हात बोर्ड मांडीवर घेऊन बसलेल्या चित्रकाराचे मात्र त्याने भागत नाही. नुसता काळा रंग फासला तर कागदावर म्हैस उमटत नाही, कागदाला भोक पडल्यासारखे दिसते. ओल्या पाठीवर आकाश उतरलेले असते, तिथे ती निळी. कुशीवरच्या विरळ केसांत ऊन शिरते, तिथे तांबूस. पोटाखाली गवताची हिरवी झाक. म्हणून जाणकार जलरंगवाले काळ्या ट्यूबला सहसा हात लावत नाहीत. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळून गडद छटा करतात. प्रमाण बदलले की तीच छटा कधी निळ्याकडे झुकते, कधी तांबड्याकडे. छायाचित्रावरून हे साधणे कठीण, कारण सावलीतले बारकावे तिथे एकाच काळ्या डागात बुडून जातात. त्यासाठी माशा वारीत जागेवर बसावे लागते.

जनावर पोझ देत नाही. पण रवंथ करणारी म्हैस त्यातल्या त्यात सोशीक. आधी धडाचा ढीग, मग माकडहाडाचा उंचवटा, शेवटी शिंगे. मुऱ्हा म्हशीची शिंगे घट्ट वळलेली, सुरतीची विळ्यासारखी, जाफराबादीची जड, खाली लोंबणारी.

या विषयाला कोणी हलका समजू नये. हॉलंडच्या पॉलस पॉटरने १६४७ मध्ये एक तरुण बैल जवळजवळ खऱ्या आकारात रंगवला. राजेरजवाड्यांना मिळावी एवढी जागा त्याने बैलाला दिली. ते चित्र आज हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहालयात आहे. आपल्याकडे कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या परिसरात बसून बदलत्या उजेडाचा असाच पाठलाग केला.

आरे वसाहत १९४९ साली उभी राहिली, ती शहरातले कोंदट गोठे बाहेर काढण्यासाठी. दारा खुरोडी यांची ती कल्पना. १९६३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा ‘बाहेर’ असलेली ही जागा आता शहराच्या मधोमध आली आहे. २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी इथली झाडे रातोरात तोडली गेली, तेव्हा मुंबईकर रस्त्यावर आले. झाडांना कैवारी मिळाले, ते बरेच झाले. म्हशींसाठी कोण येणार?

कारण गोठ्याचे गणित निष्ठुर आहे. आटलेली म्हैस मुंबईच्या चाऱ्याच्या भावात पुढच्या वेतापर्यंत पोसणे परवडत नाही. ती विकली जाते, पुष्कळदा कसायाला, आणि तिच्या जागी दुसरी ताजी व्यालेली येते. खुंट्यांची संख्या तीच, दुधाचे लिटर तेवढेच. हिशोबात काही बदललेले दिसत नाही. बदल कळतो तो दोघांनाच. पन्नास पाठमोऱ्या म्हशींतून हवी ती बिल्ला न पाहता ओळखणाऱ्या गोठ्यातल्या भैयाला, आणि अर्धे चित्र घेऊन महिन्याने परत आलेल्या चित्रकाराला. दावणीला म्हैस असते, पण ती नव्हे.

चित्राने म्हैस वाचत नाही. रोज सकाळी जिचे दूध आपल्या चहात पडते, ती एक विशिष्ट म्हैस होती, तिच्या डाव्या खांद्यावर जांभळट उजेड पडत असे, एवढे मात्र त्या कागदावर राहते. या शहरात तिची एवढी दखल दुसऱ्या कोणी घेतलेली नाही.