घोरण्याचं मशीन

घोरणाऱ्या माणसाची आपल्याकडे कुणी काळजी करत नाही. झालाच तर त्याचा हेवा करतात. ‘टेकला की लागला घोरायला’, ‘कुंभकर्ण आहे नुसता’ या बोलण्यात थट्टा असते, पण आत थोडं कौतुकही असतं. घोरणं म्हणजे गाढ झोप हे समीकरण इतकं पक्कं बसलंय, की घोरणारा माणूस रात्रभर झोपेला पारखा झालेला असू शकतो असं सांगितलं तर लोक हसतात. मी गेल्या वर्षी स्लीप ॲप्नियाचा, म्हणजे झोपेतल्या श्वासरोधाचा, रुग्ण ठरलो आणि सीपॅप नावाचं यंत्र लावून झोपू लागलो. माझं शिक्षण वैद्यकाचं नाही. पण ज्या वस्तूशी रोज सात-आठ तास संबंध येणार, तिची कुळकथा शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. हे यंत्र विकत घेणारे बरेचजण महिन्या-दोन महिन्यांत ते कपाटावर ठेवून देतात. ते का, आणि ते टाळता कसं येतं, हा या लेखाचा विषय आहे.

आधी घशाची रचना. पंपाच्या सक्शनला आपण कडक, कड्यांचा पाइप लावतो. तिथे लपेटा पाइप लावला तर पंपाने ओढ घेताच तो चपटा होईल आणि पाणी येणार नाही. श्वासनलिकेला निसर्गाने अशा कूर्चेच्या कड्या दिल्या आहेत. पण नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा घसा मात्र लपेटा पाइपासारखा आहे. जागेपणी स्नायू त्याला ताणून उघडा ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते. वाट अरुंद झाली की पडदे थरथरतात, ते घोरणं. वाट पूर्ण मिटली की शांतता. घरच्यांना वाटतं, चला, थांबला एकदाचा. प्रत्यक्षात त्या वेळी छाती ओढ घेत असते आणि हवा आत जात नसते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस धापेसारखा श्वास घेतो आणि पुन्हा तेच. सकाळी यातलं काहीही आठवत नाही.

श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा ठळकपणे कमी झाला तर तो एक प्रसंग धरतात. तासाला सरासरी असे किती प्रसंग, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र. नगरला एका रात्रीच्या तपासणीत माझा आकडा ४२ आला. म्हणजे दर दीड मिनिटाला एकदा. ऑक्सिजन ७४ पर्यंत उतरला होता. कोविडच्या काळात बोटाला ऑक्सिमीटर लावून ९२ दिसले तरी आपण गाडी काढायचो, हे आठवून पाहावं.

हा आजार नवा नाही, त्याची ओळख नवी आहे. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ मधल्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीत ज्यो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे, तो उभ्या-उभ्या झोपतो आणि घोरतो. १९५६ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाचं वर्णन करताना पिकविकचंच नाव त्या लक्षणसमूहाला दिलं. झोपेत श्वास प्रत्यक्ष थांबतो, हे १९६५ च्या सुमारास फ्रान्स आणि जर्मनीत नोंदलं गेलं. उपाय मात्र एकच होता: गळ्याला भोक पाडून नळी बसवणं. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांच्यासमोर जून १९८० मध्ये असाच एक रुग्ण होता. त्याला नळी नको होती. सलिव्हन यांनी त्याआधी कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वसनाचा अभ्यास केला होता आणि त्यासाठी कुत्र्यांच्या तोंडाला बसतील असे मुखवटे तयार केले होते. तोच धागा पकडून त्यांनी या माणसाच्या नाकात दाबाने हवा सोडली. घसा उघडा राहिला आणि तो माणूस रात्रभर झोपला. अशा पाच रुग्णांचा वृत्तांत १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर असे आणि मुखवटा सिलिकोनने चेहऱ्याला चिकटवावा लागे. आपण पट्ट्यांच्या मुखवट्याला कंटाळतो, त्या लोकांनी ते कसं सोसलं असेल!

यंत्र काय करतं? लपेटा पाइप आतून फुगवून धरतं, बस्स. आमच्या गावात सगळ्यांचा पहिला प्रश्न होता, ‘ऑक्सिजन लावलाय का?’ कोविडमध्ये बायपॅप हा शब्द ज्या वॉर्डांतून ऐकू आला, त्याची भीती अजून गेलेली नाही. पण सीपॅप ऑक्सिजन देत नाही. ते खोलीतलीच हवा गाळून दाबाने देतं. दाब मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये, आणि तो साधारण ४ ते २० असतो. लहानपणी पपईच्या देठाची नळी पाण्यात बुडवून फुंकली असेल, तर १० सेंटिमीटर म्हणजे किती ते कळेल: देठ चार बोटं-वीतभर खोल बुडवून बुडबुडे काढायला जेवढा जोर लागतो, तेवढा. हवेच्या एरवीच्या दाबात जेमतेम एक टक्क्याची भर. फुप्फुस फुटेल वगैरे भीती निराधार आहे. मात्र श्वास सोडताना हाच दाब समोरून येतो आणि पहिल्या रात्री गुदमरल्यासारखं वाटतं, ते खरं आहे.

इथे ‘चार तासांचा’ आकडा भेटतो. मशीन देणारा माणूस सांगतो, रोज चार तास लावा, पुरे. हा आकडा आला कुठून, याचा मी बराच शोध घेतला. १९९३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ३५ रुग्णांच्या यंत्रांत वापर नोंदवणारं उपकरण बसवलं होतं, आणि ते रुग्णांना सांगितलं नव्हतं. बहुतेकांच्या तोंडचा वापर जास्त निघाला आणि यंत्राच्या नोंदीतला कमी. ‘नियमित वापर’ कशाला म्हणायचं हे ठरवण्यासाठी संशोधकांनी ७० टक्के दिवशी किमान चार तास अशी रेघ ओढली. ३५ पैकी १६ जणच तिच्या पलीकडे गेले. पुढे अमेरिकेच्या सरकारी विम्याने तीच रेघ उचलली. म्हणजे ती मोजणीच्या सोयीची खूण होती, औषधाची मात्रा नव्हती. त्याच परंपरेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये मात्रेचा हिशोब मांडला: स्वतःला जाणवणारी पेंग चार तासांनी उतरू लागते, यंत्राने मोजलेली पेंग सहा तासांनी, आणि दिवसभराचं कामकाज सुधारायला साडेसात तास लागू शकतात. चार तासांवर थांबणाऱ्याला ‘बरं वाटतं’, आणि तिथेच तो फसतो. शिवाय श्वास जास्त अडतो तो बऱ्याचदा पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत. आणि मास्क काढून फेकला जातो तोही नेमका पहाटे.

एक गोष्ट लपवू नये. हृदयविकार आणि पक्षाघात सीपॅपमुळे टळतात का, हे पाहणाऱ्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. २,७१७ रुग्ण होते आणि तसा फायदा दिसला नाही. पेंग, घोरणं आणि मनःस्थिती मात्र सुधारली. त्या लोकांचा सरासरी वापर रात्री ३.३ तास होता. यावरून कुणी यंत्र निरुपयोगी म्हणेल, कुणी वापर अपुरा म्हणेल. मी दुसऱ्या बाजूचा आहे.

आता मुद्द्याचं. यंत्र अंगवळणी पडणं इच्छाशक्तीवर कमी आणि बारीकसारीक दुरुस्त्यांवर जास्त अवलंबून असतं, असं माझं अकरा महिन्यांनंतरचं मत आहे. पहिल्या आठवड्यात जी सवय लागते ती पुढे बरीच टिकते, असं अभ्यासही सांगतात. म्हणून त्रास झाला की ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नये. त्याच दिवशी फोन करावा. गुदमरणं जावं म्हणून मी चार दिवस संध्याकाळी बातम्या बघताना मास्क लावून बसलो. नातू घाबरला, मग त्यालाच यंत्राचं बटण दाबायचं काम दिलं. ‘रॅम्प’ नावाची सोय असते, दाब हळूहळू चढतो. ती सुरू करून घेतली. नाकावर वळ उठले, कारण हवा गळू नये म्हणून पट्टे आवळले जातात. खरं तर आवळलं की गादी चुरगळते आणि हवा जास्त गळते. झोपायच्या स्थितीत, हवा सुरू असताना पट्टे बसवावेत. मास्कच्या बारीक छिद्रांतून येणारी हवा गळती नव्हे. उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो, ती छिद्रं कधी बुजवू नयेत.

मिशीचा प्रश्न परदेशी पुस्तिकांत दोन ओळींत उरकतात. आमच्याकडे तो एवढा सोपा नाही. मास्कची कड मिशीवर बसली की हवा फुरफुरते. नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या गाद्यांचा मास्क घेतला तर मिशी वाचते, पण तोंड उघडं टाकून झोपणाऱ्याची हवा तोंडातून जाते आणि सकाळी घशाला कोरड पडते. मी मिशी कानशिलापासून आत घेतली. पारावर त्याची चर्चा आठवडाभर पुरली.

पाण्याचंही तसंच. हवा दमट करायला यंत्रात छोटी टाकी असते. आमच्या भागात बोअरचं पाणी इतकं क्षाराचं, की दोन आठवड्यांत टाकीच्या तळाला पांढरा थर बसतो. उकळून क्षार जात नाहीत, उलट दाट होतात. मेडिकलमधून डिस्टिल्ड पाणी आणावं. गॅरेजातलं बॅटरीचं पाणी या कामासाठी नसतं. थंडीत नळीत दव साचून गुडगुड सुरू होते. नळी गोधडीखालून घ्यावी आणि यंत्र उशीच्या पातळीखाली ठेवावं. पाचट जाळण्याच्या दिवसांत हवेचा फिल्टर काळा पडतो, तो दर आठवड्याला बघावा.

आणि वीज. वायरमन मित्राने मीटर लावून मोजलं: पाणी गरम न करता माझं यंत्र ३०-३५ वॉट घेतं, गरम केलं तर जवळपास दुप्पट. घरोघरी असते तशी १५० अँपिअरची इन्व्हर्टर बॅटरी धडधाकट असेल, तर पंख्यासकट रात्र निघते. मध्येच वीज गेली तर जीव जाईल का, हा प्रश्न मला चार जणांनी विचारला. नाही जात. तोंडही झाकणाऱ्या मास्कला झडप असते, हवा थांबली की ती उघडते. यंत्र मात्र विम्यात बसलं नाही, खर्च खिशातून झाला. वजन उतरलं तर आकडा कमी होतो. लठ्ठ रुग्णांसाठी टिर्झेपटाइड या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये या आजारावर मान्यताही मिळाली आहे. पण यंत्र हा चष्म्यासारखा उपाय आहे: काढला की आजार जागेवर. दाब स्वतःच्या मनाने बदलू नये.

महाराष्ट्रात हे किती जणांना असेल? मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या, तब्येतीने ठीक दिसणाऱ्या २५० पुरुषांची घरी झोपतपासणी झाली होती. १९.५ टक्क्यांचा एएचआय ५ किंवा जास्त निघाला, आणि दिवसा पेंग येणारे ७.५ टक्के. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी या आजाराचं नाव घेतलं आणि ते प्रथमच मराठी घरांत पोचलं. पण गळिताच्या हंगामात रात्रभर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रकच्या चालकाला ‘घोरतोस का, दिवसा डुलकी लागते का’ हे अजून कुणी विचारत नाही. पेंग मोजायची जगभर वापरली जाणारी प्रश्नावली १९९१ मध्ये मेलबर्नला तयार झाली. तिच्यात वाहतुकीत थांबलेल्या मोटारीत झोप येते का, असं विचारतात. आपल्याकडे कीर्तनात आणि ग्रामसभेत येते का, असं विचारावं लागेल.

मुंबईच्या त्या अभ्यासात सगळे पुरुष होते. बाईच्या घोरण्याची घरात चर्चाही होत नाही. दिवसा डोळा लागला तर ‘दमली असेल’ म्हणतात. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा आजार वाढतो, हे वाचून मी थोरल्या ताईला तपासणीला नेलं. रक्तदाबाच्या तीन गोळ्या घेऊनही तिचा दाब हटत नव्हता, आणि हट्टी रक्तदाब हे या आजाराचं एक लक्षण असू शकतं. तिचा आकडा २६ आला. आता तीही यंत्र लावते. नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क तिला पहिल्याच दिवशी बसला. तिला मिशीची अडचण नाही.