वालाचा वेल आणि रस्त्यावरचा दिवा

पुण्यात आमच्या घरामागे कुंपणाला लागून वालाचा मांडव आहे. दर वर्षी मृग लागला की आई तिथे तीन-चार बिया टोचते. पावसाळाभर वेल नुसते पसरत राहतात. पाने तळहाताएवढी होतात, पण फुलाचे नाव नसते. नवरात्र संपता संपता जांभळे तुरे दिसू लागतात आणि मग संक्रांतीपर्यंत शेंगा विकत आणाव्या लागत नाहीत. भोगीच्या भाजीत पडणारे दाणे घरचेच असतात.

काही वर्षांपूर्वी मात्र यात खंड पडला. घराकडच्या वेलांना नेहमीप्रमाणे तुरे आले, पण रस्त्याकडचा वेल दिवाळी उलटली तरी नुसता हिरवागार. आईने त्याला खत घातले, मग पाणी तोडले. शेवटी कोयता घेऊन ती तो उपटायलाच निघाली. वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या तिच्या मुलालाही कारण सुचायला आठवडा लागला, हे कबूल केले पाहिजे. माती एकच होती, बीही एकाच डब्यातले होते. वेगळे होते ते एवढेच, की त्या पावसाळ्यात कुंपणाबाहेर रस्त्यावर नवा दिवा बसला होता.

परसबागेतील ऋतूंचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर पाऊस आणि ऊन-थंडी या दोनच गोष्टी असतात. त्या महत्त्वाच्या आहेतच. पण दोन्ही बेभरवशाच्या आहेत. पाऊस महिनाभर लांबतो, डिसेंबरात थंडी गायब होते. दर वर्षी न चुकणारी गोष्ट एकच, ती म्हणजे दिवस आणि रात्र यांची लांबी. पुण्यात 21 जूनच्या सुमारास दिवस सव्वातेरा तासांचा असतो आणि 22 डिसेंबरच्या सुमारास अकरा तासांचा. जूनमध्ये हा फरक जवळजवळ थबकलेला असतो. सप्टेंबरात मात्र दिवस रोज सुमारे एका मिनिटाने लहान होतो. आपल्याला ते जाणवत नाही, पण वालाला जाणवते.

हे पहिल्यांदा नीट उलगडले ते अमेरिकेत. तेथील कृषी खात्यात काम करणारे गार्नर आणि अॅलार्ड यांच्यासमोर दोन कोडी होती. तंबाखूचा एक वाण उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यावरून वाढे, पण फुलत नसे. तोच हिवाळ्यात काचघरात लहान असतानाच फुले. दुसरे कोडे सोयाबीनचे. त्यांनी एकाच वाणाचे बी काही दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने पेरले, तरी सगळी झाडे जवळपास एकाच वेळी, सप्टेंबरात फुलली. उशिरा पेरलेल्या झाडांनी जणू लवकर पेरलेल्यांना गाठले. तापमान, ओलावा, खत असे सगळे तपासून झाल्यावर त्यांनी एक अंधारी खोपटी बांधली आणि भर उन्हाळ्यात काही कुंड्या रोज दुपारनंतर तिच्यात ठेवायला सुरुवात केली. त्या कुंड्यांतील झाडे फुलली. 1920 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. या गुणधर्माला आपण दीप्तिकालिता म्हणतो. दिवस ठरावीक लांबीपेक्षा लहान झाल्यावर फुलतात त्या लघुदिन वनस्पती आणि दिवस मोठा झाल्यावर फुलतात त्या दीर्घदिन वनस्पती. अनेक वनस्पतींना या लांबीचे सोयरसुतक नसते. टोमॅटो, वांगी बहुतांशी त्यांतली.

नावात 'दिन' असला तरी वनस्पती खरे तर रात्र मोजते. 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी एका लघुदिन रानटी झुडपावर प्रयोग केले. दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला तर काही बिघडले नाही. पण लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला तर झुडूप फुललेच नाही. एक सलग लांब रात्र मोडून तिच्या दोन लहान रात्री झाल्या, असा त्याचा अर्थ. वर्गात हा मुद्दा सांगताना मुले हमखास गोंधळतात, म्हणून नाव शिकवण्याआधी प्रयोग शिकवावा असे मला वाटते.

प्रकाश आहे की नाही हे ओळखणारा पदार्थ पानांत असतो. तो म्हणजे फायटोक्रोम हे रंगीत प्रथिन. लाल प्रकाश पडला की त्याचे रूप बदलते आणि अंधारात ते हळूहळू पूर्ववत होते. हे पूर्ववत होणे म्हणजेच वनस्पतीचे वाळूचे घड्याळ, असे जुन्या पुस्तकांत सांगितलेले आढळते. ते स्पष्टीकरण अपुरे ठरले आहे. वनस्पतीच्या पेशींत सुमारे चोवीस तासांच्या लयीने चालणारे स्वतंत्र घड्याळ असते. त्याच्या ठरावीक वेळेला अंधार आहे की उजेड, याची खबर फायटोक्रोमसारखे पदार्थ देतात. हिशेब जुळला की पानातून एक प्रथिन निघून शेंड्याकडे जाते आणि शेंडा पानांऐवजी फुले काढू लागतो.

यासाठी लागणारा प्रकाश फारच थोडा असतो. भर दुपारच्या उन्हाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स भरते, तर रस्त्यावरील दिव्याखाली दहा-वीस लक्स. एवढ्या प्रकाशात पान अन्न तयार करू शकत नाही, पण 'रात्र झालेली नाही' असा समज होण्यास तो पुरेसा असतो. शेवंतीचे बागायतदार बहर लांबवण्यासाठी मुद्दाम रात्री दिवे लावतात. आमच्या वेलावर तोच प्रयोग फुकटात चालू होता.

आपले जुने वाल बहुधा लघुदिन प्रकारचे असतात. जूनमध्ये लावले तर रात्र लांब होईपर्यंत त्यांच्या हाती चार महिने असतात, म्हणून ते मांडव भरून टाकतात. रायगडात भातकापणीनंतर शेतातील ओलीवर वाल पेरतात. तेव्हा रात्री आधीच लांब झालेल्या असतात, त्यामुळे झाड फारसे न वाढता लवकर फुलावर येते. त्याच शेंगांची मग थंडीत पोपटी लागते. मांडव हवा असेल तर जून आणि छोट्या जागेत शेंगा हव्या असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, असा निवाडा करता येतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेले 'अर्का जय' आणि 'अर्का विजय' हे बुटके वाण दिवसाच्या लांबीला जुमानत नाहीत. ते वर्षात केव्हाही फुलतात.

अमेरिकेच्या उत्तर भागात राहणारे आपले लोक हौसेने वाल लावतात आणि निराश होतात. तिथे उन्हाळ्यात दिवस पंधरा तासांचा असतो. रात्र पुरेशी लांब होऊन फुले येईपर्यंत हिमतुषार पडून वेल जळतो. याचा उलटा अनुभव आम्ही घेतला. तिकडून आलेल्या एका नातेवाइकाने कांद्याच्या बियांचे सुंदर पाकीट दिले. रोपे जोमदार वाढली, पात मनसोक्त खाल्ली, पण कांदा काही धरला नाही. कांद्याला गड्डा धरण्यासाठी दिवसाची विशिष्ट लांबी लागते. त्या वाणाला चौदा तासांहून मोठा दिवस हवा होता आणि पुण्यात तेवढा दिवस कधीच उगवत नाही! आपल्याकडचे वाण अकरा-बारा तासांवर भागवतात. त्यांतही खरिपासाठी 'एन-53' आणि रब्बीसाठी 'एन-2-4-1' असे वेगळे वाण आहेत. म्हणून पाकिटावरच्या चित्रापेक्षा वाणाचे नाव आणि हंगाम आधी वाचावा.

तापमानाचे काम वेगळे असते. टोमॅटोला फुले मे महिन्यातही येतात, पण रात्री उकाड्याच्या असल्या आणि दुपारी पारा पस्तिशीपलीकडे गेला की परागकण निकामी होऊन फुले गळतात. झाडावर टिकलेली फळेही नीट लाल होत नाहीत. तीस अंशांच्या वर लाल रंगद्रव्य तयार होणे मंदावते, फळ पिवळट-नारिंगी राहते. कोथिंबीर उन्हाळ्यात चार पाने येतात न येतात तोच तुऱ्यावर येते. तिच्यावर उष्णता आणि मोठा दिवस असा दोहोंचा मारा असतो. सावलीची जाळी लावली तर थोडी मुदत मिळते, इतकेच. काकडी-दोडक्याला उष्ण, लांब दिवसांत नरफुलांचा सुकाळ असतो. 'नुसती फुले येतात, फळ धरत नाही' ही तक्रार तेव्हाचीच. हवा थोडी निवळली की मादीफुले वाढतात.

शाळेत हे पाहायचे असेल तर जुलैच्या सुरुवातीला दोन मोठ्या कुंड्यांत जुन्या वाणाचे वाल लावा. बी बाजारातील नको, गावातल्या एखाद्या आजींकडचे घ्या. 15 ऑगस्टनंतर त्यांतील एका कुंडीवर रोज शाळा सुटताना, पाच वाजता, आतून काळा रंग दिलेले मोठे खोके पालथे घाला आणि सकाळी सातला काढा. वेल मोठा झाला तर शेंडे खुडून आटोक्यात ठेवा. हवेसाठी खोक्याला भोक हवे, पण त्यातून उजेड आत येता कामा नये. रविवारची जबाबदारी कुणाची, हे आधी ठरवा, कारण बहुतेक प्रयोग तिथेच फसतात. दोन्ही कुंड्यांत पहिला तुरा कोणत्या तारखेला दिसला ते लिहा. पंचांगात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा असतात. त्यांवरून मुलांना त्या दिवशीच्या रात्रीची लांबी काढता येईल.

आमच्या वेलाचे पुढे काय झाले? आईच्या हातून कोयता काढून घेतला आणि दिवा व वेल यांच्यामध्ये दुहेरी गोणपाट बांधले. रस्ता उजळलेला राहिला, वेलावर अंधार झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या बाजूला तुरे दिसले. भोगीला त्याच्या शेंगा कोवळ्याच होत्या, दाणे भरले ते जानेवारी संपताना. गोणपाट आता दर वर्षी घटस्थापनेच्या आधी आईच बांधते.