हुप्प्यांची खानेसुमारी

खानदेशातील मनुष्य वानर आणि माकड यांत सहसा गल्लत करीत नाही. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे, काहीसे पोक्त दिसणारे ते वानर, आणि तांबूस तोंडाचे, हातातले केळे हिसकावण्यात पटाईत ते माकड, हा भेद रावेर-यावलकडील बागायतदाराला कोणी शिकवावा लागत नाही. माकडांतही पुन्हा दोन जाती आहेत: उत्तरेची आखूड शेपटीची, आणि दक्षिणेची लांब शेपटीची, जिच्या डोक्यावर केसांची जणू टोपीच असते. या दोहोंमधील पश्चिमेकडची हद्द म्हणजे आपली तापी, असे प्राणिशास्त्रज्ञ दीर्घकाळ मानीत आले. सरकारने १९०६ साली खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे केले. निसर्गाने मात्र त्याच मुलखाची उत्तर-दक्षिण वाटणी फार पूर्वीच करून ठेवली होती. जॅक फूडन, अनिल महाबळ व साहा या त्रयीने १९८१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ही हद्द नव्याने तपासली, आणि अलीकडे तर उत्तरेचे माकड दक्षिणेत सरकू लागल्याचे आढळले आहे. तेव्हा हा हद्दीचा दावा अद्याप निकालात निघालेला नाही.

असल्या प्राण्यांच्या अभ्यासाला आयुष्य वाहणारा शास्त्रज्ञ म्हटला की १९६० साली गोम्बेच्या अरण्यात चिंपांझींच्या मागे गेलेल्या जेन गुडाल आपल्या डोळ्यांसमोर येतात. वस्तुतः त्याचे जीवन साहसी प्रवाशापेक्षा तलाठ्याच्या जीवनाला अधिक जवळचे असते: पहाटे टोळी उठण्यापूर्वी झाडाखाली हजर राहावे, सायंकाळी ती निजेपर्यंत हलू नये, आणि कोणी कोणाच्या उवा काढल्या, कोणी कोणाला दटावले, याचा रोजनामा लिहावा. त्यातही प्रत्येक प्राणी चेहऱ्याने ओळखता आला पाहिजे, ही मुख्य अट. पाटणादेवीच्या रानात एका सकाळी मी हा प्रयोग करून पाहिला. तासाभरात चार निरनिराळ्या माद्या मला एकच भासू लागल्या, आणि मी मुकाट्याने डबा उघडला.

ही अट कडक पाळणारे एक जपानी संशोधक, युकिमारू सुगियामा, १९६१ साली शेजारच्या कर्नाटकातील धारवाडास आले. योशिबा व पार्थसारथी या सहकाऱ्यांसह त्यांनी तेथील वानरांच्या टोळ्यांची अक्षरशः खानेसुमारी केली. बहुतेक टोळ्यांत एक धनी नर, म्हणजे हुप्प्या, त्याच्या माद्या व पोरे, आणि बाहेर बेघर नरांच्या वेगळ्या टोळ्या, अशी ती रचना. १९६२ साली अशा नरांनी एका टोळीवर चाल केली, जुन्या हुप्प्यास हुसकावले, अखेरीस त्यांच्यातील एकच नर धनी होऊन बसला, आणि टोळीतील तान्ही पिल्ले चाव्यांनी घायाळ होऊन एकामागून एक नाहीशी झाली. प्रत्येक पिल्लाची व त्याच्या आईची नोंद नसती, तर झाडांतील त्या कल्लोळाला कोणी महत्त्व दिले नसते. नोंद असूनही जगाने प्रथम पिल्लांची ही हत्या विकृती म्हणून बाजूला सारली; पुढे अबूच्या पहाडातील वानरांवर संशोधिका सारा हर्डी यांचे पुस्तक १९७७ साली आले, तेव्हा पोर गेलेली मादी लवकर माजावर येते व त्यात नव्या नराचा स्वार्थ साधतो, हा कार्यकारणभाव विद्वानांच्या वादाचा विषय झाला.

वानरांवरून सुगियामा पुढे शेपूट नसलेल्या चिंपांझींकडे वळले. मनुष्याच्या या निकटच्या आप्ताला मराठीत घरगुती नाव नाही, कारण असल्या बिनशेपटीच्या प्राण्यांपैकी फक्त गिबन तेवढा भारतात, आणि तोही ईशान्येच्या अरण्यांत, आढळतो. १९७६ साली गिनी देशातील बोसू गावानजीक त्यांनी अभ्यास आरंभला. तेथील चिंपांझी एका सपाट दगडावर कठीण कवचाचे फळ ठेवून दुसऱ्या दगडाने ते फोडतात. आईशेजारी बसून हे तंत्र शिकण्यास पोराला काही वर्षे लागतात. ती टोळी वीसच्या आसपास होती. २००३ साली श्वसनविकाराची साथ येऊन तिच्यातील पाच जण दगावले, त्यांत दोन तान्ही होती. त्यांच्या आयांनी ती कलेवरे वाळून चामड्यासारखी झाली तरी पाठीवर वागविली, एकीने तर ६८ दिवस. आणि सुगियामांचे काम पुढे चालविणाऱ्या मंडळींनी तेही आपल्या दप्तरात उतरवून ठेवले.