गार्डची निवड आणि संघाचा तोल

पवनी तालुक्यातील अड्याळ ज्या परिसरात येते, तेथील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत आहेत, आणि विद्यापीठाचा महिला बास्केटबॉल संघ या महाविद्यालयांतील विद्यार्थिनींतूनच निवडावा लागतो. अमेरिकेतील विद्यापीठांचे प्रशिक्षक मात्र शालेय खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन हवी ती उणीव भरून काढतात. चेंडू पुढे नेऊन चाल रचणाऱ्या खेळाडूला ‘गार्ड’ म्हणतात. नियमानुसार संघाला 8 सेकंदांत मध्यरेषा ओलांडावी लागते आणि 24 सेकंदांत बास्केटकडे फेक करावी लागते, त्यामुळे गार्डची चेंडूहाताळणी कच्ची असेल, तर उंच सहकाऱ्यांपर्यंत चेंडू पोहोचतच नाही. तरीही 12 जणींच्या संघात केवळ चपळ गार्ड भरणे चुकीचेच ठरते, कारण हुकलेल्या फेकीनंतर उसळणारा चेंडू, म्हणजे ‘रिबाउंड’, मिळवण्यासाठी उंच ‘सेंटर’ आणि ‘फॉरवर्ड’ लागतात, शिवाय 5 फाउल होताच खेळाडू बाद होत असल्याने प्रत्येक जागेसाठी बदली खेळाडू तयार असावी लागते. निवड चाचणीत उंची चटकन डोळ्यांत भरते, निर्णयशक्ती मात्र सामन्यातच दिसते. खो-खो आणि कबड्डीवर वाढलेल्या ग्रामीण मुलींकडे गार्डला लागणारी चपळाई पुष्कळदा असते. क्रीडाशिक्षकांनी त्यांच्या हाती चेंडू वेळेवर द्यावा.