तडजोडीवाचून तरणोपाय नाही

अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कारभार २०२५ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तब्बल ४३ दिवस बंद पडला होता. वादाचे मुख्य कारण आरोग्य-विम्याच्या हप्त्यांना मिळणारे वाढीव सरकारी साहाय्य हे होते. डेमोक्रॅटिक पक्षास ते चालू ठेवावयाचे होते. आधी कारभार सुरू करा, मग बोलू, असा रिपब्लिकनांचा हेका होता. अखेर कारभार सुरू झाला, परंतु ते साहाय्य वर्षअखेरीस संपुष्टात आले. दोघांच्या झुंजीत हानी झाली ती हप्ता भरणाऱ्या सामान्य माणसाची.

याचे मूळ मागील इतिहासात आहे. २०१० सालचा आरोग्य-विमा कायदा प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत झाला. त्याच्या बाजूस रिपब्लिकन मत एकही नव्हते. २०२१ मधील वाढीव साहाय्याचीही तीच कथा. ज्या कायद्यावर एकाच पक्षाची मुद्रा असते, तो मोडणे हे दुसऱ्या पक्षाचे व्रत होऊन बसते. २०१७ साली या कायद्याचे महत्त्वाचे भाग रद्द करण्याचा प्रयत्न सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी फसला, म्हणूनच तो बचावला.

याउलट १९६५ सालचे उदाहरण पाहावे. वृद्धांसाठी रुग्णालय-विमा ही अध्यक्ष जॉन्सन यांच्या पक्षाची योजना. डॉक्टरांच्या शुल्कासाठी ऐच्छिक विमा ही रिपब्लिकन सभासद जॉन बर्न्स यांची. आणि गरजूंना राज्यांमार्फत मदत द्यावी, हा डॉक्टरांच्या संघटनेचा आग्रह. समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी प्रत्येकातील ग्राह्यांश घेऊन एकच विधेयक सिद्ध केले. प्रतिनिधिगृहात त्यास ३०७ मते पडली. त्यांपैकी ७० रिपब्लिकनांची होती. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘मेडिकेअर’ व ‘मेडिकेड’ या योजना साठ वर्षे उलटली तरी टिकून आहेत.

तडजोड म्हणजे केवळ बैठकी नव्हेत, हेही आम्ही जाणतो. २००९ साली सिनेटच्या अर्थसमितीतील तीन डेमोक्रॅट व तीन रिपब्लिकन सभासदांनी कित्येक आठवडे खल केला; निष्पन्न काहीच झाले नाही. टाळी एका हाताने वाजत नाही. खर्चास मर्यादा हवी, ही विरोधकांची मागणी डेमोक्रॅटांनी रास्त मानली पाहिजे. आणि आजारी मनुष्यास परवडेल असे विम्याचे संरक्षण मिळालेच पाहिजे, हे तत्त्व रिपब्लिकनांनी वादाबाहेर ठेवले पाहिजे. एवढे साधले तरच पुढचा कायदा सत्तांतराच्या वावटळीत टिकेल. रुग्णाची शुश्रूषा निवडणुकीच्या निकालावर अवलंबून राहावी, हे कोणत्याही लोकशाहीस शोभणारे नाही.