वायूच्या झोतांतून उलगडणारा जोडताऱ्यांचा जन्म

तारा जन्माला येतो तो वायूच्या आकुंचनातून. थंड, काळोख्या वायुमेघाचा एखादा दाट भाग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आत ढासळू लागतो आणि त्याच्या केंद्रस्थानी तारा आकार घेतो. वायू आत येत राहिला तरच तारा वाढणार, हे उघड आहे. प्रत्यक्षात मात्र जन्माला येणाऱ्या ताऱ्यांपासून वायू मोठ्या वेगाने बाहेर फेकला जात असल्याचे आढळते. हा विरोधाभास ठळकपणे समोर आला तो वृषभ तारकासमूहातील एका मेघामुळे. त्याच मेघात पुढे असेही दिसून आले की, वायू फेकणारा तारा एक नसून दोन आहेत.

सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूर असलेला हा मेघ ‘लिंड्स १५५१’ या नावाने ओळखला जातो. धुळीच्या दाट आवरणामुळे त्याच्या अंतर्भागातील प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचत नाही. १९७६ मध्ये अवरक्त किरणांच्या साहाय्याने तेथे ‘आयआरएस ५’ हा नवजात तारा सापडला. १९८० मध्ये रोनाल्ड स्नेल, रॉबर्ट लोरेन व रिचर्ड प्लॅमबेक यांनी या मेघातील कार्बन मोनॉक्साइड वायूच्या रेडिओ लहरी तपासल्या. जवळ येणाऱ्या वायूच्या लहरींची लांबी किंचित कमी होते, तर दूर जाणाऱ्या वायूच्या लहरींची वाढते. ताऱ्याच्या एका अंगाचा वायू पृथ्वीच्या दिशेने येत होता, तर दुसऱ्या अंगाचा दूर जात होता. दोन विरुद्ध दिशांना वाहणाऱ्या या प्रवाहास ‘द्विध्रुवी बहिर्वाह’ म्हणतात. पुढील काळात असे बहिर्वाह शेकडो नवजात ताऱ्यांभोवती आढळले.

वायू बाहेर का फेकला जातो, याचे उत्तर मेघाच्या फिरण्यात आहे. गिरकी घेणाऱ्या नर्तकीने पसरलेले हात अंगाशी घेतले की तिचा वेग वाढतो. आकुंचन पावणाऱ्या मेघाचेही तसेच होते. वाढत्या वेगामुळे वायू सरळ ताऱ्यावर न पडता त्याभोवती तबकडीच्या रूपात फिरू लागतो. ही फिरण्याची शक्ती, म्हणजेच कोनीय संवेग, काही प्रमाणात गमावल्याखेरीज तबकडीतील वायू ताऱ्यापर्यंत पोहोचू शकत नाही. येथे चुंबकीय क्षेत्र कामी येते. तबकडीबरोबर फिरणाऱ्या चुंबकीय रेषा थोडा वायू गोफणीतील दगडाप्रमाणे भिरकावून देतात. तो वायू कोनीय संवेग घेऊन जातो आणि उरलेल्या वायूला आत सरकता येते. थोडक्यात, वायू बाहेर टाकणे हा ताऱ्याच्या वाढीतील अडथळा नसून तिची अटच आहे. सेकंदाला शंभर किलोमीटरपेक्षाही अधिक वेगाने निघालेले हे झोत वाटेतील वायू ढकलत नेतात. त्यामुळे मेघातील बराचसा वायू ताऱ्यात न जाता विखुरला जातो.

हे सर्व एकट्या ताऱ्याला लागू पडते. परंतु सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी सुमारे निम्म्या ताऱ्यांना जोडीदार असतो. ‘आयआरएस ५’ हाही जोडतारा असावा, अशी शंका १९८५ च्या सुमारास रेडिओ निरीक्षणांतून आली होती. १९९८ मध्ये लुईस रॉड्रिग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतील ‘व्हेरी लार्ज अ‍ॅरे’ या दुर्बिणीने तेथे दोन स्वतंत्र तबकड्या दाखवून दिल्या. त्यांच्यातील अंतर सूर्य आणि नेपच्यून यांच्यातील अंतराच्या सुमारे दीडपट आहे. प्रत्येक तबकडीची त्रिज्या मात्र शनीच्या कक्षेइतकीच, म्हणजे एकट्या ताऱ्यांभोवती नेहमी आढळणाऱ्या तबकड्यांच्या सुमारे एक-दशांश आहे. जोडीदाराच्या गुरुत्वाकर्षणाने तबकडीची कड छाटली जाते, हे त्याचे कारण. तरीही ग्रहमाला घडवण्यापुरते द्रव्य या तबकड्यांत शिल्लक असल्याचा अंदाज आहे. दोन तबकड्या, तर झोतही दोन असणार, आणि तसे ते दिसलेही.

झोत तबकडीला साधारणपणे काटकोनात निघतो. त्यामुळे धुळीआडची तबकडी दिसली नाही, तरी झोताच्या दिशेवरून तिचा कल समजतो. जोडताऱ्यांच्या बाबतीत ही माहिती मोलाची ठरते. एकाच तबकडीचे तुकडे होऊन दोन तारे जन्मले असतील, तर त्यांचे झोत समांतर असणे अपेक्षित आहे. खळबळणाऱ्या मेघाच्या निरनिराळ्या भागांत ते स्वतंत्रपणे घडले असतील, तर झोतांच्या दिशा भिन्न असू शकतात. निसर्गात दोन्ही प्रकार आढळतात. वृषभेतीलच ‘टी टौरी’ या प्रसिद्ध ताऱ्याच्या परिसरातील दोन बहिर्वाह एकमेकांना जवळजवळ काटकोनात आहेत. याउलट भुजंगधारी तारकासमूहात सुमारे ४०० प्रकाशवर्षांवर असलेल्या ‘डब्ल्यूएल २०’ या समूहातील एक तारा प्रत्यक्षात जुळा असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्या जुळ्यांचे झोत समांतर आढळले. तेथील तबकड्या चिलीतील ‘अल्मा’ दुर्बिणीने, तर झोत जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने टिपले. अर्थात, जन्मानंतरही परस्परांच्या ओढीने तबकड्या कलू शकतात. त्यामुळे केवळ दिशेवरून अंतिम निष्कर्ष काढता येत नाही.

या संशोधनात महाराष्ट्रातील दुर्बिणीचाही वाटा आहे. नारायणगावजवळील खोडद येथील ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीने ‘आयआरएस ५’, ‘टी टौरी’ व ‘डीजी टौरी’ या तिन्हींकडून येणाऱ्या ३२३ आणि ६०८ मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरी टिपल्या. कमी वस्तुमानाच्या तरुण ताऱ्यांची इतक्या कमी कंप्रतेवरील ती पहिलीच नोंद होती. रेचेल एन्सवर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ती प्रसिद्ध केली. अशा नोंदींवरून ताऱ्यांभोवतीच्या विद्युतभारित वायूच्या वस्तुमानाला मर्यादा घालता येतात.

तारा किती मोठा होणार आणि त्याच्याभोवती ग्रहांसाठी किती द्रव्य उरणार, हे आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या वायूच्या हिशेबावर ठरते. जोडताऱ्यांत हा हिशेब दोघांचा एकत्रच मांडावा लागतो, कारण तेथे एकाच मेघातील वायूचे दोन वाटेकरी असतात.